मासे घेऊ नका म्हणणारी कोळीण

फोन आला तेव्हा मी ऑफिसचा डबा भरत होते. "नदीवर ये," एवढंच म्हणाली माझी मैत्रीण. ती फोनवर आधी दोन शिव्या घालते, मग कामाचं बोलते, हे मला शाळेपासून माहीत. त्या दिवशी शिव्या नव्हत्या. मी गॅस बंद केला आणि चपला अडकवून निघाले.

आमची बिल्डिंग कल्याणजवळच्या मोहन्यात आहे, आणि मागच्या बाजूने एक वाट कोळ्यांच्या पाड्यातून थेट उल्हास नदीत उतरते. त्या वाटेवर मैत्रिणीचं घर. माझे वडील साताऱ्याकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी इथे आलेले. तिची माणसं कारखाने यायच्या आधीपासून या नदीत होडी चालवणारी. आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. दहावीनंतर मी कॉमर्सला गेले आणि ती आईबरोबर बाजारात मासे विकायला बसली. लग्नं झाली तरी दोघी मोहन्यातच राहिलो. मी वागळे इस्टेटमध्ये एका लहानशा कारखान्यात हिशेब बघते. तिचा नवरा पहाटे होडी घेऊन जातो आणि ती त्याने आणलेले मासे विकते. मरळ, वाम, शिंगाळे, कधी मूठभर कोळंबी. आमच्या भागातल्या जुन्या लोकांना नदीच्या माशांची चव माहीत आहे, त्यामुळे तिची टोपली बाजारात सगळ्यात आधी रिकामी व्हायची.

पाड्यातून उतरतानाच वास आला. नदीला वास असतो, उन्हाळा जवळ आला की तो वाढतो, त्याची आम्हाला सवय आहे. हा तसला नव्हता. नेलपॉलिश पुसायचं पाणी असतं ना, त्याची बाटली कोणीतरी नाकाखाली धरावी तसा. डोळे चुरचुरायला लागले.

काठावर मैत्रीण उभी होती, पदर नाकाला लावून. तिने नुसतं समोर बोट केलं.

होळीच्या आधीचे दिवस, नदीवर जलपर्णी पसरलेली होती. त्या हिरव्या पानांच्या मधे, जिथे जिथे पाणी दिसत होतं तिथे तिथे पांढरी पोटं दिसत होती. लहान, मोठे, सगळ्या जातीचे मासे. काही शिंगाळे अजून जिवंत होते, तोंड वर काढून आ वासत होते. कोळंबी पाण्यातून बाहेर येऊन दगडांवर चढलेली होती. पाण्यातला जीव पाणी सोडून कोरड्या दगडावर चढतो हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. थोडं वर, नाला नदीला मिळतो तिथे तांबूस फेस साचलेला होता, गुडघाभर.

तिचा नवरा होडीत बसलेला. त्याने पहाटे जाळं ओढलेलं, ते सगळं मेलेल्या माशांनीच भरून आलं होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि तो ते गोणपाटाला घासत होता. तो मुळात कमी बोलणारा माणूस. मी म्हटलं, "डॉक्टरकडे जा ना." तो म्हणाला, "जातो नंतर." आणि पुन्हा हात घासायला लागला.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूने दोन-तीन माणसं आली, पाठीवर पोती घेऊन. आमच्या भागातली नव्हती. त्यांनी मेलेले मासे भराभर पोत्यात भरायला सुरुवात केली. कुठेतरी नेऊन विकणार, हे उघड होतं. मैत्रीण त्यांच्याकडे गेली.

"ते टाक खाली. खायाचे नाय ते."

"तुझी नदी आहे काय?" त्यातला एक म्हणाला.

"माजी नाय तर कोनाची? टाक म्हनते ना."

त्याने ऐकलं नाही. तेव्हा तिने पोतं त्याच्या हातातून ओढलं आणि उलटं केलं. नवरा होडीतून उतरून तिच्या मागे येऊन उभा राहिला, तसे ते लोक पुटपुटत गेले. मग तिने पाय धुतले नाहीत, चहा घेतला नाही, तशीच बाजाराच्या दिशेने चालायला लागली. मला वाटलं घरी जाईल. मी ऑफिसला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि तिच्या मागे गेले.

बाजारात ती आपल्या जागेवर गेली. टोपली नव्हती, पाट नव्हता, कोयता नव्हता. नुसती उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागली. "आज नदीचे मासे घेऊ नका. कोनी आनले तरी घेऊ नका. पान्यात कायतरी सोडलंय." आवाज मोठा आहे तिचा, पिढ्यान्‌पिढ्या बाजारात बसणाऱ्या बायकांचा असतो तसा. आख्ख्या गल्लीत ऐकू जात होता.

बाजूला मुंबईहून बर्फातले मासे आणून विकणाऱ्या बायका होत्या. त्या चिडल्या. एक म्हणाली, "अगं, तुझं तू बघ ना. असं ओरडलीस तर आमचेपण कोण घेणार नाय."

"मग नको घेऊ देत आजचा दिस," ही म्हणाली.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका आले. बँकेतून रिटायर झालेले, माशांच्या बाबतीत अतिशय चिकित्सक. कल्ले उघडून बघितल्याशिवाय पुढे बोलायचे नाहीत. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे येणार होते आणि त्यांनी आदल्या दिवशीच मरळ सांगून ठेवलेली. ही म्हणाली, आज देणार नाही. काकांना वाटलं तिने दुसऱ्या कोणासाठी मासे बाजूला ठेवलेत.

"मी तुमचं जुनं गिऱ्हाईक आहे. हे काही बरं नाही केलंत."

"काका, मासे मेलेत. विषाचे हायत."

"मासे मेलेलेच असतात बाजारात. मला शिकवू नका."

"नाय देनार म्हटलं ना. जा तुमी, चिकन आना."

काका रागाने लाल होऊन गेले. आसपासचे लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या दिवसाचाच नाही, पुढच्या कितीतरी दिवसांचा धंदा ती स्वतःच्या तोंडाने मोडत होती, आणि हे तिला पुरतं माहीत होतं.

मला आजही राग येतो तो याचा, की त्या सकाळी कल्याणच्या या टोकाला लोकांना सावध करणारी ती एकटी होती. नदीवर नजर ठेवायला ऑफिसं आहेत, गाड्या आहेत, त्यांत बसलेली माणसं आहेत. कुणीही आलं नाही. याच नदीचं पाणी उचलून, गाळून आमच्या नळांना येतं. मी दुपारी ऑफिसातून पाण्याच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. बऱ्याच वेळाने एकाने उचलला. मी सांगितलं, नदीतले मासे मेलेत, आमच्या नळाच्या पाण्याचं काय.

तो म्हणाला, "मॅडम, मासे वेगळे, पाणी वेगळं."

मी विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे ते आमच्याकडे येत नाही."

मी फोन ठेवला. समोर आमचे मालक बसले होते. आमच्याकडे धातूच्या लहान भागांवर मुलामा चढवायचं काम चालतं, त्याचं सांडपाणी वाईट असतं. मागच्या बाजूला टाक्या आहेत, त्यात ते पाणी साठवून, औषध घालून, गाळ वेगळा काढून मगच पुढे पाठवतात. कटकटीचं काम आहे. मालक रोज त्यावरून वैतागतात, पण एक दिवस सोडत नाहीत. माझं बोलणं त्यांनी ऐकलेलं. म्हणाले, "कुणीतरी टँकर रिकामा केला असेल नाल्यात. कंटाळा, दुसरं काय." माणूस कंटाळा करतो आणि नदीभर जीव मरतात. हा शब्द मला इतका लागला की त्या दिवशी हिशेबात चुका झाल्या.

पाण्याचा नमुना घ्यायला प्रदूषण मंडळाचा माणूस आला, पण तो आला तेव्हा वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडून झालेलं. फेस वाहून गेलेला, मेलेले मासे खाडीकडे गेलेले, वासही राहिलेला नव्हता. तरुण मुलगा होता, हेल्मेट काखेत धरून काठावर उभा. मैत्रीण त्याला म्हणाली, "नाल्याच्या तोंडाशी चल, तिथनं घे."

"मला पॉइंट ठरवून दिलाय, मावशी. तिथूनच घ्यावा लागतो."

त्याने होडीतून नदीच्या मध्यावर नेण्याची विनंती केली. होडी कोणाची, तर माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याची. त्यानेच त्याला वल्हवत मध्यावर नेलं, पट्ट्या बांधलेल्या हातांनी. मुलाने बाटली बुडवली, भरली, लेबल लावलं आणि निघून गेला.

मग बरेच दिवस काहीच झालं नाही. आम्ही दोघी दोनदा मंडळाच्या ऑफिसात विचारायला गेलो. एकदा साहेब मीटिंगमध्ये होते, एकदा साहेब बदलून गेले होते. शेवटी कळलं की पाणी ठीक आहे, सगळं मर्यादेत आहे. आम्ही म्हटलं, मग मासे कशाने मेले? टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "जलपर्णीने ऑक्सिजन कमी होतो." जलपर्णी वर्षानुवर्षं आहे, एका रात्रीत मासे मेले, हिच्या नवऱ्याचे हात सोलून निघाले, हे सगळं आम्ही सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण त्यांची नजर आमच्या मागच्या माणसाकडे गेलेली. रांगेत तो पुढचा होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही नेहमीचीच गोष्ट झाली असती. पण त्यानंतर पेपरात बातमी आली. आतल्या पानावर, छोटीशी. मासे मारण्यासाठी स्थानिक मच्छीमारांनीच पाण्यात विषारी पावडर टाकल्याची शक्यता व्यक्त होत आहे, असं त्यात होतं. कोण व्यक्त करतंय ते नव्हतं. मी ती बातमी उभ्या उभ्या वाचली. ज्याच्या घरात चोरी झाली त्यालाच चोर ठरवायचं, आणि तेही "शक्यता" म्हणून, म्हणजे उद्या कुणी जाब विचारायला नको.

दोन दिवस गेले नाहीत तोच तिच्या नवऱ्याला मासेमारीचे परवाने देणाऱ्या खात्याचं बोलावणं आलं. तिथे त्याला विचारलं गेलं, त्या दिवशी नदीत होडी कुणाची होती. तो म्हणाला, माझी. जाळ्यात मासे होते का. होते. हाताला काय झालंय.

हाताला काय झालंय. ज्या पाण्याने त्याचे हात जाळले, त्या पाण्याची चौकशी कुणी केली नाही. त्या हातांची केली. डॉक्टरांनी दिलेलं मलम, अजून न भरलेली कातडी, हाच पुरावा झाला. पावडर हाताळली म्हणून असं झालं, असा त्यांचा तर्क. होडी आणि जाळं उचलून नेलं, आणि मासेमारीचा परवाना रद्द का करू नये म्हणून ठाणे शहरातल्या त्यांच्या ऑफिसात सुनावणीची तारीख लागली.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. नवरा ओट्यावर बसलेला होता, नदीकडे पाठ करून. आत ती भाकऱ्या थापत होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मना येक सांग. मी गप बसले असते, ते मासे इकले असते, तर कोनी इचारलं असतं आमाला?"

मी म्हटलं, "नसतं विचारलं."

"मंग?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. रात्री झोपताना माझ्या डोक्यात आलं की तिचा तो आख्ख्या बाजारात केलेला आरडाओरडाच तिला वाचवू शकतो. विष घालून मासे मारणारा माणूस ते विकण्यासाठी मारतो. त्याची बायको बाजारात उभी राहून गिऱ्हाइकांना हाकलत नाही. हे ऐकणारे, बघणारे कितीतरी लोक होते. ते ठाण्याला येऊन सांगायला हवेत, बस.

दुसऱ्या दिवसापासून मी दारोदार फिरले. आमच्या बिल्डिंगमध्ये, बाजूच्या दोन सोसायट्यांमध्ये. तिच्याकडून वर्षानुवर्षं मासे घेणाऱ्या बायका. सगळ्यांना आठवत होतं. सगळ्यांना वाईट वाटत होतं. "पण आमचं नाव कुठे येणार नाही ना?" "ह्यांना विचारते हं." "ऑफिस आहे गं त्या दिवशी." एक तर म्हणाली, "यांचंही काही सांगता येत नाही, टाकलीही असेल पावडर." याच बाईने स्वतःच्या मुलीच्या डोहाळजेवणाला मैत्रिणीकडून वाम नेलेली. मी तिथून जिना उतरले तेव्हा माझे कान तापलेले होते.

काकांच्या दारावर मी जाणार नव्हते. त्या भांडणानंतर काय तोंडाने जायचं. पण जिन्यात तेच भेटले.

"तुझी ती मैत्रीण हल्ली दिसत नाही बाजारात," म्हणाले. "अजून रागावली आहे की काय?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. होडी, हात, बातमी, सुनावणी. काका ऐकत राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे त्या दिवशी ती खरं बोलत होती."

"हो काका."

"आणि मी तिच्याशी भांडलो." त्यांनी खिशातून डायरी काढली. "सुनावणी केव्हा आहे?"

सुनावणीच्या दिवशी आम्ही सात-आठ जण ठाण्याला गेलो. काका इस्त्रीचा शर्ट घालून, छत्री घेऊन. चार बायका आल्या, त्यातली एक नवऱ्याला न सांगता आलेली. बाजारातली बर्फाच्या माशांची बाईसुद्धा आली, जिने त्या दिवशी हिला गप्प बसायला सांगितलेलं. मैत्रिणीने ठेवणीतली साडी नेसलेली, केसात अबोलीचा गजरा. मी बघत राहिले तर म्हणाली, "चोराची बायको म्हनून बघनार ना सगले, मंग नीट बघू दे."

खूप वेळ बाकड्यावर बसवून ठेवलं. मग आत बोलावलं. साहेबांनी कागदांवरून मान वर न करता तिच्या नवऱ्याला विचारलं, "पावडर कुठून आणली?"

त्याला असल्या ठिकाणी बोलताच येत नाही. मैत्रीण पुढे झाली तर साहेब म्हणाले, "तुम्ही मध्ये बोलू नका. ज्याला नोटीस आहे त्याला बोलू दे."

तेव्हा काका उठले. "मला बोलायचं आहे," म्हणाले, त्या शुद्ध, शांत, बँकेतल्या आवाजात. "मी साक्षीदार आहे."

"कशाचे?"

"त्या सकाळी मी या बाईंकडे मासे घ्यायला गेलो होतो. यांनी दिले नाहीत. मी यांच्याशी भांडलो. मी चिडून बोललो, अपमान होईल असं बोललो. तरीही दिले नाहीत. मासे विषारी आहेत असं या सगळ्या बाजाराला ओरडून सांगत होत्या. आता आपण मला सांगा, मासे विकण्यासाठी विष घालणारं घर गिऱ्हाइकाला असं परत पाठवतं का?"

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली.

मग बायका बोलल्या. आधी अडखळत, नंतर एकदम सगळ्याच. बर्फाच्या माशांची बाई म्हणाली, "साहेब, हिच्यामुळं आमचापण धंदा बसला त्या दिवशी. मी हिला शिव्या दिल्या. विचारा हिला." मी डॉक्टरांच्या कागदावरची त्याच दिवसाची वेळ दाखवली, काही लपवायचं असतं तर तो लगेच डॉक्टरकडे गेला नसता असं म्हटलं, आणि नमुना घ्यायला आलेल्या मुलाला याच माणसाने होडीतून नेल्याचं सांगितलं. विष टाकणारा माणूस तपास करणाऱ्याला स्वतःच्या होडीत बसवून नेतो का, असं विचारलं. माझा आवाज चढला होता. साहेबांनी हात वर करून थांबवलं.

"ठीक आहे, ठीक आहे. पण मग मासे मेले कशाने?"

मैत्रीण म्हणाली, "तेच इचारायला आलोय आमी."

साहेबांनी फाइल बंद केली.

परवाना राहिला. होडी आणि जाळं काही आठवड्यांनी परत मिळालं. होडी कुठल्यातरी आवारात उन्हात उलटी पडलेली होती, फळ्या तडकलेल्या. ती दुरुस्त करायला पावसाळा गेला. कुणी माफी मागितली नाही. पेपरात पुन्हा काही छापून आलं नाही. जो आरोप चार ओळींत झाला होता तो मागे घ्यायला अर्धी ओळही मिळाली नाही. आणि मासे कशाने मेले हा प्रश्न, जो साहेबांनीच विचारलेला, तो त्या खोलीतच राहिला.

आम्ही मात्र तो सोडायचा नाही असं ठरवलं. पाड्यातले कोळी, आमच्या सोसायटीतल्या बायका आणि काका. सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी बागेऐवजी नाल्याच्या बाजूने फिरायचं, एवढंच सुरुवातीला ठरलं. ज्याला वास येईल त्याने बाकीच्यांना फोन करायचा. लोक हसायचे आम्हाला. घाणीत कशाला फिरता म्हणायचे. माझ्या घरीसुद्धा यावरून कुरबुर झाली. पण थंडी संपता संपता एका रविवारी, लख्ख उन्हात, पाणी पुन्हा तांबडं झालं. तोच वास. मैत्रिणीचा फोन आला, आणि या वेळी शिव्यांसकट आला.

अर्ध्या तासात नाल्याच्या तोंडाशी पन्नासेक माणसं जमली असतील. काकांनी घरून प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि काठावर मांडून छत्री उघडून बसले. "नमुना घेतल्याशिवाय मी इथून उठणार नाही," म्हणाले. आम्ही ज्याला त्याला फोन लावत होतो. सुट्टी आहे, उद्या बघू, हेच उत्तर. पोरांनी व्हिडिओ काढून जिकडे तिकडे पाठवले. दुपार व्हायला आली तेव्हा मोटरसायकलवरून तोच मुलगा आला, हेल्मेटवाला. त्याने काठावरची सगळी माणसं पाहिली. पॉइंटबद्दल काही बोलला नाही. बूट काढले, पँट वर दुमडली आणि थेट नाल्याच्या तोंडाशी बाटली भरली. जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मागच्या वेळीही मला इथूनच घ्यायचं होतं, ताई."

त्या बाटलीमुळे नाल्याच्या वरच्या अंगाला तपास करावा लागला. एका बंद दिसणाऱ्या शेडच्या मागून जमिनीखालून पाइप आणलेला होता, त्यावर माती आणि झाडझाडोरा. शेडला सील ठोकलं. मालक कोण, माल कोणाचा, टँकर कुठून यायचे, यावर अजून तारखा पडताहेत. एकाही माणसाला एका दिवसाची शिक्षा झालेली नाही. तिच्या नवऱ्याची होडी मात्र एका संशयावर, बातमीनंतर दोन दिवसांत उचलली गेली होती. हा फरक मी विसरू शकत नाही, आणि विसरणारही नाही.

नदीत मासे परत आलेत, पहिल्यासारखे नाहीत पण आलेत. गिऱ्हाईक आलं नाही. लोक तिच्या टोपलीत बघतात आणि विचारतात, "नदीचे का? मग नको." तिनेच एकदा नको म्हणून सांगितलेलं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. मुंबईचे बर्फातले मासे आणून तेही आता ती विकते. नदीचे थोडेच असतात, एका कोपऱ्यात. काका नेतात. एकदा मी तिला विचारलं, त्या दिवशी ओरडलीस त्याचं कधी वाईट वाटतं का. ती पापलेट साफ करत होती. म्हणाली, "वाईट मना कशाला वाटंल गो? ज्यानं सोडलं त्याला वाटू दे." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगायला लागली.

परवा पाड्याच्या वाटेवर, नदीत उतरायच्या जागी, एक नवाकोरा बोर्ड लागला. नदी आपली माता आहे, इथे कपडे व भांडी धुऊ नयेत, मासेमारीचा कचरा टाकू नये, असं निळ्या अक्षरांत. वरच्या अंगाला, नाल्यावर, जिथून टँकर यायचे त्या रस्त्यावर, बोर्ड नाही. मी मुद्दाम चालत जाऊन बघून आले. एकही नाही. शेडचं सील उन्हापावसाने फिकट झालंय आणि तिच्या शेजारी नवी शेड उभी राहिली आहे, पत्र्याची, खिडकी नसलेली. आत काय चालतं ते विचारलं तर वॉचमनने गेट लावून घेतलं.

मी हे काकांना सांगितलं, त्यांनी मैत्रिणीला. ती बोर्डासमोर उभी राहिली, सगळा वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाली, "चल, कवा जायाचं ठान्याला, नव्या शेडचं इचारायला?"

सोमवारी जातोय.